फाइल सर्व्हरवरचा पासवर्ड बंद करा, आणि किल्ल्यांची वही ठेवा

पगाराच्या याद्या, रक्ततपासणीचे अहवाल, विम्याचे दावे, परीक्षेचे गुण, बँकांच्या दिवसअखेरच्या नोंदी. हा सगळा माल रोज रात्री एका संस्थेच्या यंत्रातून दुसऱ्या संस्थेच्या यंत्रात जातो, आणि त्यातला बराचसा एसएफटीपी (झाकलेल्या जोडणीतून फाइली पाठवण्याची पद्धत) सर्व्हरवरून जातो. त्या फाइलींमध्ये ज्यांची नावे असतात ती माणसे या सर्व्हरवर कधी लॉगिन करत नाहीत. तिथे पासवर्ड चालतो की किल्ली (फाइलींची जोडी: स्वतःजवळची गुप्त प्रायव्हेट की आणि सर्व्हरवर ठेवायची पब्लिक की) लागते, तो पासवर्ड किती जणांना पाठ आहे, हे त्यांना कोणी विचारत नाही आणि सांगतही नाही. म्हणून ऑथेंटिकेशन (ओळख पटवण्याची पद्धत) कोणते ठेवायचे हा प्रश्न ॲडमिनच्या सोयीचा राहत नाही. दुसऱ्याचा माल सांभाळायला घेतला की कुलूप आपल्या आळसाच्या मापाचे घेता येत नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. यंत्र यंत्राशी बोलते त्या अकाउंटवर पासवर्ड पूर्ण बंद असावा. अपवाद करायचाच तर तो लेखी असावा आणि त्याला मुदत असावी. आणि किल्ली लावली म्हणजे सुटलो, असे मानणाऱ्यांशीही आमचे भांडण आहे, कारण पासवर्ड निदान कधीतरी बदलला जातो. किल्ली एकदा बसली की तिच्याकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही.

एफटीपी या फाइली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचा पहिला मसुदा १९७१ मधला, एमआयटीतल्या अभय भूषण यांनी लिहिलेला. तेव्हा नेटवर्कवरची यंत्रे मोजकी होती आणि ती चालवणारे बहुतेक एकमेकांना ओळखत होते. नाव आणि पासवर्ड तारेवरून उघडा जायचा, आणि १९८५ साली आलेल्या आरएफसी ९५९ या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजामध्येही तो तसाच राहिला. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असे पासवर्ड टिपून घेतले, आणि त्यानंतर तिथल्याच तातू युलोनेन यांनी एसएसएच ही जोडणी सांकेतिक करून झाकणारी व्यवस्था लिहिली. एफटीपीचा पोर्ट (यंत्रावरच्या दाराचा क्रमांक) २१, दूरच्या यंत्रावर लॉगिन करायच्या टेलनेटचा २३. दोघांची जागा घ्यायची म्हणून त्यांनी मधला २२ मागून घेतला. एसएफटीपी ही या एसएसएचच्या आत चालणारी वेगळी व्यवस्था आहे, जुन्या एफटीपीवर चढवलेले वेष्टन नव्हे. ते वेष्टन म्हणजे एफटीपीएस, त्याचे सर्टिफिकेटचे प्रश्न निराळे.

एसएसएचने तार झाकली. पासवर्ड मात्र पलीकडे पोहोचला की पुन्हा उघडा होतो, कारण तो तपासायचा तर सर्व्हरला तो जसाच्या तसा हातात घ्यावा लागतो. सर्व्हर खरा असेल तर ठीक. कोणी मध्ये तोतया सर्व्हर उभा केला तर आपला क्लायंट त्याच्याही हातात पासवर्ड बिनदिक्कत ठेवतो. किल्लीचे तसे नाही. प्रायव्हेट की क्लायंटच्या यंत्रातून बाहेर पडतच नाही. तिने फक्त एक सही केली जाते, आणि त्या सहीत त्या विशिष्ट जोडणीचा ओळखांक गुंतलेला असतो. तोतयाने ती सही पुढे खऱ्या सर्व्हरकडे सरकवली तर तिथला ओळखांक वेगळा निघतो आणि सही बाद ठरते. २००६ च्या आरएफसी ४२५२ मध्ये पब्लिक की ही एकच पद्धत अनिवार्य ठरवली आहे. पासवर्ड तिथे ऐच्छिक आहे. ‘आमच्या प्रणालीत किल्लीची सोय नाही’ असे एखादा पुरवठादार सांगतो तेव्हा तो प्रमाणातला सक्तीचा भाग गाळून माल विकतो आहे, एवढे तरी त्याला सुनवावे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. रात्री दोन वाजता चालणाऱ्या स्क्रिप्टच्या किल्लीला सांकेतिक वाक्य (तिच्यावरचा पासवर्ड) कोण देणार? म्हणजे ती किल्लीही डिस्कवर उघडीच पडलेली. मग पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहिण्यात आणि यात फरक काय? फरक असा की पासवर्ड दोन्ही टोकांना असतो, शिवाय तो सांगायला म्हणून पाठवलेल्या ईमेलमध्ये, चॅटमध्ये आणि कमांडच्या ओळीत दिला असेल तर शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हिस्टरीत. किल्लीचे गुपित एकाच टोकाला राहते. तिचा अंदाज बांधत बसता येत नाही. आणि सर्व्हरच्या बाजूने तिला दावणीला बांधता येते: मान्य पब्लिक कींच्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमधल्या तिच्या ओळीच्या सुरुवातीला ‘फ्रॉम’ लिहून ठरावीक आयपी पत्ते द्यायचे, ‘रिस्ट्रिक्ट’ लिहून बाकीचे उद्योग बंद करायचे, ‘एक्स्पायरी-टाइम’ लिहून तारीख घालायची. ही शेवटची सोय ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये २०१८ पासून आहे. अशी बांधलेली किल्ली चोरीला गेली तरी चोराला ती चालवायला त्याच पत्त्यावरून यावे लागते. पासवर्ड मात्र चोरून नेला तर तो इतर खात्यांवरही आजमावून बघतात, आणि बऱ्याचदा तो तिथे चालतोही.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. अनेक ठिकाणी पासवर्ड ‘बंद केलेला’ असतो आणि तरी चालत असतो. ॲडमिनने कॉन्फिग फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन’पुढे ‘नो’ लिहिलेले असते, सर्व्हर रीस्टार्ट केलेला असतो, ऑडिटच्या कागदावर टिकही पडलेली असते. पण ‘कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह’ नावाची आणखी एक पद्धत असते, ओटीपीसारखे प्रश्न विचारण्यासाठी केलेली. ती चालू राहिली आणि मागे पॅम (लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा) जोडलेले असले, की पॅम विचारून विचारून काय विचारणार? पासवर्डच. म्हणजे समोरच्या दाराला कडी आणि बाजूच्या दारातून तोच माणूस आत. दोन्ही ओळींना ‘नो’ लागतो.

दुसरी गंमत अशी की या फाइलीत एकच सूचना दोनदा आली तर पहिली लागू होते, शेवटची नाही. उबंटू या लिनक्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मुख्य फाइलीच्या डोक्यावरच दुसऱ्या एका फोल्डरमधल्या फाइली ओढून घेणारी ओळ असते. क्लाउडवर यंत्र उभे करताना तिथे ५० आकड्याने सुरू होणारी एक छोटी फाइल आपोआप तयार होऊ शकते आणि तिच्यात ‘पासवर्डऑथेंटिकेशन येस’ असू शकते. मग खाली मुख्य फाइलीत शंभर वेळा ‘नो’ लिहा, उपयोग शून्य. फाइल वाचून खात्री करू नये. ‘एसएसएचडी’ या सर्व्हर प्रोग्रामला मोठ्या ‘टी’चा पर्याय देऊन चालवावे, तो सगळ्या फाइली वाचून खरोखर लागू होणारी प्रत्येक किंमत छापतो. ‘मॅच’ लावून विशिष्ट गटाला वेगळे नियम दिले असतील तर मोठ्या ‘सी’ने त्या युजरचे नाव देऊन पुन्हा बघावे.

तिसरा सापळा एका स्वल्पविरामाचा आहे. ‘ऑथेंटिकेशनमेथड्स’ ही सूचना २०१३ पासून आहे, आणि तिच्यात ‘पब्लिककी’, मग स्वल्पविराम, मग ‘पासवर्ड’ असे लिहिले तर दोन्ही लागतात: आधी किल्ली, मग पासवर्ड. स्वल्पविरामाऐवजी नुसती मोकळी जागा सोडली तर अर्थ होतो, यापैकी काहीही एक चालेल. दुहेरी कुलूप लावतो म्हणून बसलेल्या माणसाने एवढ्याशा चुकीने दोन स्वतंत्र दारे उघडी केलेली असतात. सर्व्हर काहीच तक्रार करत नाही, कारण दोन्ही रचना वैध आहेत. सर्व्हरची खरी ताकद त्यातल्या सर्वांत कच्च्या चालू पद्धतीइतकी असते; शेजारी कितीही लांबीची किल्ली ठेवली तरी हल्लेखोर तिच्या वाटेला जात नाही.

पासवर्ड इतका चिवटपणे टिकतो याचे कारण अज्ञानापेक्षा वैताग आहे असे आम्हाला वाटते. भागीदार संस्था पब्लिक की पाठवते, ॲडमिन ती चिकटवतो, लॉगिन होत नाही. क्लायंटला फक्त ‘परमिशन डिनाइड’ दिसते. खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असते: ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’. होम फोल्डर गटाला लिहिण्यासाठी खुले असले की ओपनएसएसएच ती किल्ली मुद्दाम नाकारते, कारण गटातला दुसरा कोणी ती बदलू शकला असता. होमवर गटाची लिहिण्याची परवानगी काढायची, ‘.एसएसएच’ फोल्डरला ७००, आतल्या फाइलीला ६०० (म्हणजे परवानगी फक्त मालकाला), की काम होते. पण लॉग वाचायला वेळ नसतो, समोरून फोन चालू असतो, आणि ‘तूर्तास पासवर्डवर चालू द्या’ असे ठरते. त्या तूर्ताला मग तीन वर्षे होतात.

युजरला त्याच्या फोल्डरात कोंडण्यासाठी ‘सीएचरूट’ लावले तर आणखी एक ठेच लागते. कोंडलेल्या जागेचे मूळ फोल्डर आणि त्याच्या वरचे सगळे टप्पे रूटच्या (मुख्य ॲडमिन खात्याच्या) मालकीचे असावे लागतात, इतर कोणाला तिथे लिहिता येता कामा नये. तसे नसेल तर ऑथेंटिकेशन यशस्वी होते आणि पुढच्याच क्षणी जोडणी तुटते. बिचारा क्लायंटवाला किल्ली बदलत बसतो. मूळ फोल्डर रूटला ७५५ ने (लिहिणे फक्त मालकाला) देऊन आत ‘अपलोड’सारखे एक उपफोल्डर युजरच्या मालकीचे करावे. आणि कोंडले म्हणजे झाले असेही नाही. टीसीपी फॉरवर्डिंग (एसएसएचमधून दुसऱ्या जोडण्या पुढे नेण्याची सोय) बंद केले नसेल तर फक्त फाइली टाकण्यासाठी दिलेले अकाउंट वापरून आतल्या नेटवर्कपर्यंत बोगदा काढता येतो, शेल नसली तरी.

किल्ल्या देवघेवीच्या वेळी काय होते तेही बघण्यासारखे आहे. पुट्टी या एसएसएच क्लायंटची साधने पब्लिक की अनेक ओळींच्या वेगळ्या साच्यात जतन करतात, ओपनएसएसएचला ती एकाच ओळीत हवी असते. ‘एसएसएच-कीजेन’ला छोट्या ‘आय’चा पर्याय दिला की रूपांतर होते. मात्र ईमेलमधून कॉपी करताना मध्ये ओळ तुटली तर तीही चालत नाही. यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे सर्व्हरवाल्यानेच जोडी तयार करून प्रायव्हेट की झिप करून ईमेलने पाठवणे. तसे केले तर ती किल्ली नावापुरतीच. ती पासवर्डसारखीच दोन टोकांना आणि दोन मेलबॉक्समध्ये पडून राहते. किल्ली वापरणाऱ्यानेच तयार करावी, पाठवावी फक्त पब्लिक बाजू.

जुनी क्लायंट लायब्ररी असेल तर सर्व्हर अपग्रेड केल्यावर अचानक आरएसए प्रकारच्या किल्ल्या नाकारल्या जातात. ओपनएसएसएच ८.८ ने, म्हणजे सप्टेंबर २०२१ मध्ये, शा-१ या जुन्या हॅश पद्धतीवर आधारलेल्या सह्या डिफॉल्टने बंद केल्या. यावरून ‘आरएसए बंद झाली’ अशी आवई उठते. किल्ली तीच चालते, सही शा-२५६ ने केली पाहिजे. म्हणजे क्लायंटची लायब्ररी नवी करायची. सर्व्हरवर जुनी पद्धत परत चालू करणे हा उपाय नव्हे. नव्याने किल्ली करायचीच असेल तर ईडी२५५१९ प्रकारची घ्यावी. जुन्या क्लायंटसाठी आरएसए ३०७२ बिटांची.

आता वहीकडे. कर्मचारी गेला, भागीदाराचा करार संपला, ॲडमिनने लिनक्सवर ‘पासडब्ल्यूडी’ला छोटा ‘एल’ देऊन अकाउंट लॉक केले. यातून फक्त पासवर्ड लॉक होतो. किल्लीने लॉगिन चालू राहू शकते. त्या कमांडच्या स्वतःच्या माहितीपानावर हे स्पष्ट लिहिले आहे, पण ते पान वाचतो कोण? किल्ली काढून टाकावी लागते किंवा अकाउंटची मुदतच संपवावी लागते. दुसरे म्हणजे ‘ऑथराइज्ड कीज’ फाइल युजरच्या होममध्ये असेल आणि त्याला तिथे लिहिता येत असेल, तर तो एसएफटीपीनेच त्या फाइलीत आणखी चार किल्ल्या घालून ठेवू शकतो. एक किल्ली मिळालेला चोर पहिले काम हेच करतो, म्हणजे मूळ किल्ली काढली तरी त्याची वाट उघडी राहते. या फाइली रूटच्या मालकीच्या वेगळ्या फोल्डरात, युजरच्या नावाने ठेवाव्यात. कॉन्फिगमध्ये ‘ऑथराइज्डकीजफाइल’पुढे तो मार्ग द्यायचा. आणि वहीत प्रत्येक किल्लीसाठी निदान एवढे: फिंगरप्रिंट (किल्लीची छोटी खूण), कोणत्या कामासाठी, समोरचा जबाबदार माणूस, कोणत्या पत्त्यावरून, कधीपर्यंत. फिंगरप्रिंट लॉगमध्येही येतो, त्यामुळे गेल्या ९० दिवसांत कोणती किल्ली वापरलीच गेली नाही हे काढता येते. ती काढून टाकावी. कोणी ओरडले तर मालक सापडला.

किल्ल्या स्वतःही नासक्या निघू शकतात. २००६ ते २००८ या काळात डेबियन या लिनक्समधल्या ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीत एका बदलामुळे यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली होती. एका प्रकारच्या यंत्रावर एका लांबीच्या फक्त ३२,७६८ किल्ल्या संभवत होत्या. सगळ्या आधीच तयार करून एकेक लावून बघता येत होत्या. एप्रिल २०२४ मध्ये पुट्टीतला दोष उघड झाला: पी-५२१ या प्रकारच्या किल्लीने केलेल्या साधारण ६० सह्या मिळाल्या तर प्रायव्हेट की काढता येत होती, आणि फाइलझिला, विनएससीपी या फाइल पाठवण्याच्या क्लायंटनाही त्याची बाधा होती. सह्या तारेवर दिसत नाहीत, पण ज्या सर्व्हरवर लॉगिन करतो त्याला त्या मिळतात. दर तासाला जोडणी करणारे काम अडीच दिवसांत तेवढ्या सह्या देऊन टाकते. एकच किल्ली पाच भागीदारांकडे लावली असेल, तर त्यातला एक फुटला की उरलेल्या चौघांची दारे उघडली. म्हणून प्रत्येक भागीदाराला वेगळी किल्ली.

तोतया सर्व्हरचे वर आलेच आहे. किल्लीमुळे गुपित वाचते, पण क्लायंटने सर्व्हरची ओळख तपासली नाही तर पगाराची फाइल तोतयाच्या डिस्कवर आनंदाने उतरते. स्क्रिप्टमध्ये ‘स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंग नो’, म्हणजे सर्व्हरची ओळख तपासू नको, असे दिसले की समजावे, कधीतरी सर्व्हर हलवला गेला, रात्रीचे काम अडकले आणि कोणीतरी झोपेत ही ओळ घातली. सर्व्हर बदलण्याआधी नवा फिंगरप्रिंट ईमेलपेक्षा वेगळ्या मार्गाने कळवावा.

माणसांचे अकाउंट यंत्रांपासून वेगळे ठेवावेत, कारण त्यांना ओटीपी विचारता येतो किंवा बोट लावायला सांगता येते. फिडो (बोट लावायच्या हार्डवेअर) किल्लीचा आधार ओपनएसएसएचमध्ये फेब्रुवारी २०२० पासून आहे. ‘सगळीकडे दोन घटक’ असा सरसकट हुकूम निघाला की मात्र यंत्राच्या स्क्रिप्टमध्ये ओटीपीचे बीज (ज्यातून कोड बनतात ते गुपित) पासवर्डच्या खालच्याच ओळीत लिहिले जाते. चोराला दोन्ही एकदमच मिळतात. माणसांनाही अडचण येते: फाइलझिला एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते आणि प्रत्येकीला नवा कोड मागते, म्हणून त्या साइटची जोडणीमर्यादा एकवर आणावी.

कंपनीच्या डिरेक्टरीतून (कर्मचाऱ्यांच्या खात्यांच्या सामाईक नोंदीतून) पासवर्ड तपासणे सोयीचे, गेलेला माणूस एका ठिकाणी बंद होतो. पण ईमेलचाच पासवर्ड इंटरनेटसमोर येतो, आणि बाहेरच्याने चुकीचे अंदाज मारले तर कर्मचारी सगळ्याच प्रणालींतून लॉक होतो. एलडॅप या डिरेक्टरीशी बोलण्याच्या पद्धतीत नाव देऊन पासवर्ड रिकामा ठेवला तर काही डिरेक्टऱ्या तो निनावी प्रवेश समजून ‘यशस्वी’ म्हणतात, आणि कच्चा लिहिलेला सर्व्हर त्यालाच लॉगिन मानतो. रिकामा पासवर्ड सर्व्हरनेच आधी अडवायला हवा. शंभराच्या वर माणसे असतील तर एसएसएच सर्टिफिकेटकडे (मुदत घालून सही केलेल्या किल्लीकडे) वळावे. ती सोय २०१० पासून आहे, आठ तासांचे सर्टिफिकेट द्यायचे, संध्याकाळी ते आपोआप मरते.

पद्धत कितीही चांगली निवडली तरी ती राबवणारा कोड फुटका असू शकतो, हे मान्य. २०१८ मध्ये लिबएसएसएच या एसएसएच लायब्ररीत निघालेला दोष तर विनोदी होता: क्लायंटने ‘मला तपासा’ म्हणण्याऐवजी ‘तपासणी यशस्वी’ हा सर्व्हरने पाठवायचा निरोप स्वतःच पाठवला, की सर्व्हर त्याला आत घेत असे. जून २०२४ मध्ये मूव्हइट ट्रान्सफर या फाइल देवघेवीच्या सॉफ्टवेअरच्या एसएफटीपी भागातही ऑथेंटिकेशन चुकवता येणारा दोष सापडला. पॅच वेळेवर लावणे हे वेगळे काम आहे, आणि ते न करण्याची सबब म्हणून किल्लीकडे बोट दाखवता येत नाही.

जुन्या भागीदाराला खरोखरच किल्ली जमत नसेल तर त्याच्यापुरता पासवर्ड ठेवावा, पण ‘मॅच’ लावून त्याच युजरला आणि त्याच आयपी पत्त्यांना. पासवर्ड यंत्राने बनवलेला, निदान २४ अक्षरी. आणि करारात बंद होण्याची तारीख. एका भागीदारासाठी सगळ्या सर्व्हरवर पासवर्ड चालू ठेवणे ही सोय बाकीच्या सगळ्यांच्या माथी मारलेली असते.

आपला सर्व्हर कुठे उभा आहे हे बघायला अर्धा मिनिट लागतो. बाहेरच्या यंत्रावरून, ‘प्रिफर्डऑथेंटिकेशन्स’ला ‘नन’ देऊन जोडणी करावी. सर्व्हर नकार देतो आणि त्या नकारातच, कंसात, चालू असलेल्या पद्धतींची यादी देतो. तिथे ‘पासवर्ड’ किंवा ‘कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह’ दिसले तर कॉन्फिगमध्ये काय लिहिले आहे याला अर्थ नाही. ‘पब्लिककी’ हा एकच शब्द आला तर वही काढावी आणि पहिल्या ओळीपासून विचारत जावे, ही किल्ली कोणाची.